खुशीचे गाल आणि आबांचं चूर्ण

सकाळी साडेनऊला वर्षाली आणि शेखर दातांच्या डॉक्टरकडे अमरावतीला निघाले, तेव्हा वर्षालीने सासऱ्यांच्या हातात एक कागद ठेवला. कागदावर सात ओळी होत्या आणि सातही ओळी आठ महिन्यांच्या खुशीबद्दल होत्या.

"मामाजी, अकरा वाजता खिचडी द्याची. मुगाची आहे, पातळ करून ठेवली," सुजलेला गाल धरून वर्षाली म्हणाली. "त्याच्या आधी गालाले मलम. खिचडी झाली की तोंड नुसत्या पान्यानं टिपाचं. घासाचं नाई."

"अवो पोरी, म्या दोन लेकरं वाढवले," शेषराव म्हणाले.

"कवा वाढवले?" डोक्याला फडकं बांधत मनकर्णाबाई म्हणाल्या. त्या मळ्यात निघाल्या होत्या, मेथी काढायला बाया आल्या होत्या. "तुमी तं वांगे वाढवले. लेकरं म्या वाढवले."

शेखरची मोटारसायकल वळणावर दिसेनाशी झाली, मनकर्णाबाईही गेल्या आणि वलगावातल्या त्या घरात आजोबा आणि नात असे दोघंच उरले. खुशी गोधडीवर पालथी पडून स्वतःची मूठ चोखत होती. शेषरावांनी कागद दुसऱ्यांदा वाचला आणि लगेच तिसऱ्यांदा.

तसे शेषराव भित्रे नव्हते. गेल्या पावसाळ्यात कोबीच्या वाफ्यात घोणस निघाली, तेव्हा मळ्यातल्या सगळ्या बाया बांधावर चढल्या आणि हे एकटे काठी घेऊन उभे राहिले. पण या पोरीच्या गालांपुढे त्यांचं काही चालत नव्हतं. चौथ्या महिन्यात तिच्या दोन्ही गालांवर खरखरीत लाल चकंदळं उठली. मग कोपराच्या आत, मग गुडघ्याच्या मागे. पोरगी झोपेतसुद्धा गाल उशीला घासायची आणि सकाळी झबल्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे. ते ठिपके पाहिले की शेषराव चहाचा कप तसाच खाली ठेवत.

अमरावतीच्या लेकरांच्या डॉक्टरीणबाईंनी, डॉक्टर गीतांजलींनी, पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की हा एक्झिमा आहे, म्हणजे आपण ज्याला इसब म्हणतो तो. कातडी कोरडी आहे, मलम भरपूर लावा, आंघोळ कोमट पाण्याने आणि झटपट, अंगाला डाळीचं पीठ चोळू नका, गुटी बंद करा. आणि आईचं दूध चालू राहू द्या, आईने सगळं खावं.

शेवटचं वाक्य घरात कोणाला पटलं नाही. आईच्या दुधातूनच तर सगळं जातं! शेजारच्या पार्बताबाईंनी आधी वांगं बंद केलं. "वांग्यानं इसब चिघयते, हे काय डॉक्टरले इचाराची गोठ हाये?" असं त्यांचं म्हणणं. मनकर्णाबाईंनी लिंबू, लोणचं, चिंच बंद केली. बाळापूरहून मनकर्णाबाईंची बहीण वच्छला हिने फोनवरून दही आणि ताक बंद केलं. वर्षाली रोज सकाळी स्वतःच्या हाताने ताजी, चकचकीत वांगी तोडायची, क्रेटमध्ये भरायची आणि घरी येऊन वरणभात खायची.

शेषरावांनी मात्र सगळ्यांवर कडी केली. त्यांनी मोबाईलवर कुठल्या तरी परदेशी लेकराचा व्हिडिओ पाहिला. भुईमुगाचा एक दाणा खाल्ला आणि त्या लेकराचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं. शेषरावांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला, कपाळाचा घाम पुसला आणि त्याच दिवशी फर्मान काढलं, की या घरात दाणा दिसता कामा नये. आईच्या ताटात तर नाहीच, कोणाच्याच नाही. साबुदाण्याच्या खिचडीत नाही, भाजीच्या कुटात नाही. दाण्याचं पोतं मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत जाऊन पडलं. सगळ्यांनी ऐकलं, कारण शेषरावांचा आवाज तेव्हा रागाने नाही, भीतीने कापत होता.

फक्त एका माणसाला हे फर्मान झेपलं नाही आणि ते म्हणजे खुद्द शेषराव. चाळीस वर्षं त्यांनी लाल मिरची-लसणाची दाण्याची चटणी आणि त्यावर कच्चं तेल, यांच्याशिवाय भाकरी खाल्ली नव्हती. आठ दिवस त्यांनी कळ काढली. नवव्या दिवशी मोटारीच्या खोलीत गुपचूप दाणे भाजले, तिथल्याच खलबत्त्यात कुटले आणि चटणी हिंगाष्टक चूर्णाच्या रिकाम्या डबीत भरून घरी आणली. तेव्हापासून तीन महिने आबा दोन्ही वेळा जेवताना चूर्ण घेत होते. "पोट साफ राह्यते," असं ते विचारणाऱ्याला सांगत. मनकर्णाबाईंनाही त्यांच्या पोटाची थोडी काळजी वाटू लागली होती.

त्या दिवशीही घर रिकामं झाल्यावर शेषरावांनी आधी भाकरी घेतली. पाटावर बसले, डबी उघडली, तेल घातलं आणि मन लावून जेवले. मग हात साबणाने धुतले. एकदा नाही, दोनदा. नखंसुद्धा घासली. चोरटे असले तरी ते निष्काळजी नव्हते. अकराला पाच कमी असताना त्यांनी खुशीच्या गालांना अगदी हलक्या बोटाने मलम लावलं, तिला मांडीवर घेतलं आणि चमच्याने खिचडी भरवायला लागले.

पोरगी छान खात होती. पहिला चमचा आत, दुसरा अर्धा बाहेर, तिसरा पुन्हा आत. चौथ्या चमच्याला तिने आबांकडे पाहून दोन दातांचं असं काही हसू दिलं, की शेषरावांना राहवलं नाही. त्यांनी तिच्या उजव्या गालाचा पापा घेतला, डाव्या गालाचा घेतला, हनुवटीचाही घेतला. खुशी खिदळली. तोंड पाण्याने टिपून त्यांनी तिला गोधडीवर ठेवलं, वाटी मोरीत नेऊन ठेवली आणि परत आले.

खुशी रडत होती. तिचे दोन्ही गाल आणि हनुवटी लालभडक झाली होती.

नेहमीची लाली शेषरावांच्या ओळखीची होती. ही तशी नव्हती. ही टमाट्यासारखी होती आणि बघता बघता वाढत होती. त्यांच्या डोळ्यांपुढे तो व्हिडिओ उभा राहिला. 'पण म्या तं हात धुतले!' ते मनात ओरडले. 'दोनदा धुतले! मंग दाना गेला कसा? वाऱ्यानं गेला का? वासानं गेला?' डॉक्टरीणबाईंनी धोक्याच्या खुणा सांगितल्या होत्या. अंगावर लाल उठणं, उलट्या, श्वासाला त्रास. लाल तर समोर दिसतच होतं. इतक्यात रडता रडता खुशीने खिचडीचा एक घोट झबल्यावर काढला. 'उलटी!' शेषरावांनी तिला उचलून घेतलं. आणि मग ती थांबली, डोळे मोठे केले आणि तिला उचकी लागली. आता श्वासही झाला.

"पार्बताबाई! ओ पार्बताबाई!" नातीला छातीशी धरून ते अंगणात धावले. "पाहा ना वो, लेकरू कसं करून राह्यलं!"

पार्बताबाई हातातलं सूप तसंच घेऊन आल्या. त्यांनी एकदा खुशीकडे पाहिलं आणि निदान केलं.

"नजर! दुसरं काई नाई. काल त्या भाजी घ्याले आलेल्या बाईनं किती टकमक पाह्यलं हिच्याकडे. थांबा, आत्ता उतरवतो."

"अवो नजर नोहे, दवाखान्यात न्या लागते!"

"दवाखाना काई पयून जाते का? एक मिनिट लागते याले." आणि शेषराव चपला शोधेपर्यंत पार्बताबाईंनी सात लाल मिरच्या, मीठ आणि मोहरी खुशीवरून ओवाळून चुलीत टाकलीसुद्धा. नजर लागली असेल तर ठसका येत नाही, असा त्यांचा हिशोब होता. पण ठसका आला. असा आला, की पार्बताबाई खोकल्या, शेषराव खोकले, गोठ्यातलं वासरू खोकलं आणि शेवटी शेषरावांच्या खांद्यावर खुशी खोकली.

"झालं! पोरीचा श्वास चालला!" शेषरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते धुराचं होतं की भीतीचं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "पिंटू! अबे पिंटू, ऑटो काढ!"

पिंटू चाळिशीचा, सहा जणांचा बाप आणि गल्लीतला एकुलता एक ऑटोवाला. तो काही विचारत बसला नाही. शेषराव मागे बसले, मिरच्यांबद्दल मनातून थोड्या चपापलेल्या पार्बताबाई न सांगता शेजारी बसल्या आणि ऑटो उडाला. निघताना शेषरावांनी एक गोष्ट मात्र आठवणीने केली होती. चूर्णाची डबी बंडीच्या खिशात टाकली होती. काय खाल्लं ते सोबत आणा, असं डॉक्टर सांगतात, एवढं त्यांना माहीत होतं. डबी दाखवायची कशी, हे मात्र माहीत नव्हतं.

गावाबाहेर पडताच त्यांनी शेखरला फोन लावला.

"शेखर, खुशी लाल झाली! उलटी झाली, श्वासाले त्रास होऊन राह्यला! आमी दवाखान्यात निंगालो, तुमी तिकडेच या!"

"काय?" पलीकडून शेखर इतक्या जोरात ओरडला, की पिंटूने ब्रेक दाबला. "काय खाल्लं तिनं?"

"खिचडी."

"अजून?"

शेषरावांचा हात बंडीच्या खिशाकडे गेला. डबी तिथेच होती. "अजून काई नाई," ते म्हणाले आणि हे बोलताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यांनी खुशीच्या टाळूवर डोकं टेकवलं.

फोनमधून मागे कोणीतरी "ऊशी! आझी ऊशी!" असं किंचाळत होतं. ती वर्षाली होती. दाढ काढण्यासाठी तिला नुकतीच सुई दिली होती आणि तिचा अर्धा जबडा बधिर झाला होता. पुढे नुसतीच धडपड ऐकू आली, एक भांडं पडलं आणि फोन बंद झाला.

रस्त्याला लागूनच मळा होता. ऑटो थांबवून हाक मारताच मनकर्णाबाई मेथीची जुडी हातात घेऊन धावत आल्या. ऑटोत चढल्या, नातीकडे पाहिलं आणि एकदम गप्प झाल्या. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. शेषरावांनी बायकोला इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. 'हिले समजलं,' त्यांच्या मनात आलं. 'हिले लसनाचा वास आला.' ते जमेल तितके कडेला सरकले. मनकर्णाबाई दुसऱ्या कडेला सरकल्या. मध्ये पार्बताबाई कोणाकडेच न बघता रामनाम घेत होत्या आणि खुशी मेथीची पानं ओढत होती. उचकी थांबली होती. पण त्याकडे लक्ष द्यायला कोणी शुद्धीवर नव्हतं.

"पोरगी गप झाली वो," मनकर्णाबाई पुटपुटल्या.

"गप झाली?" शेषराव दचकले. "काहून गप झाली? पिंटू, जोरात हाक!"

राजापेठेतल्या दवाखान्याच्या पायऱ्या शेषरावांनी कशा चढल्या, ते त्यांना पुढे आठवलं नाही. शेखर आणि वर्षाली आधीच पोचले होते. वर्षालीच्या गळ्यात दातांच्या दवाखान्यातलं निळं फडकं अजून लोंबत होतं, ओठ एका बाजूला उतरला होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिने खुशीला सासऱ्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं. शेषरावांना त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

डॉक्टर गीतांजली वयाने लहान आणि आवाजाने त्याहून लहान. त्यांनी खुशीला टेबलावर घेतलं, छाती ऐकली, ओठ पाहिले, जीभ पाहिली, झबलं काढून पोट पाहिलं, पाठ पाहिली. खुशीने त्यांच्या गळ्यातली नळी पकडून तोंडात घातली. कोणी श्वास घेत नव्हतं.

"श्वास अगदी व्यवस्थित आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ओठ सुजलेले नाहीत, अंगावर काही नाही. फक्त तोंडावरच आहे. आता मला सांगा, आज हिच्या पोटात काय काय गेलं? खरं सांगा. मी रागावणार नाही."

शेषरावांनी खिशात डबी घट्ट धरली. तोंड उघडलं. आवाज निघाला नाही.

आवाज निघाला तो मनकर्णाबाईंचा. त्या एकदम हुंदका देऊन म्हणाल्या, "मॅडम, म्याच केलं हे! म्या गुटी देल्ली!"

"गुटी?" शेखर म्हणाला.

"रोज सकायी देल्ली. तुमी झोपून राहा तवा. बदामाचे दोन वेढे, खारकेचा एक, जायफयाचा अर्धा. मॅडमनं नाई म्हनलं होतं, पन माह्या सासूनं तुले देल्ली होती, तुले काई झालं होतं का? अन् गेल्या सोमवारी बेसनानंबी अंग घासलं जरासं."

"आई!" शेखर ओरडला. मग त्याने डॉक्टरकडे पाहिलं, वर्षालीकडे पाहिलं आणि त्याचा आवाज अर्ध्यावर आला. "तसं म्याबी… चहात बुडवून बिस्कीट देतो. अर्धंच. ते मांगते ना मॅडम, अशी तोंडाकडे पाह्यते…"

"चहा?" मनकर्णाबाई किंचाळल्या. "आठ मह्यन्याच्या पोरीले चहा?"

"आं आंई खाल्लं," वर्षाली रडत म्हणाली.

"काय?"

"आं आंई! आं-ई खाल्लं!"

कोणालाच कळेना. वर्षालीने हताश होऊन बोटांनी देठ, त्याखाली टोपी आणि त्याखाली एक गोल असं हवेत काढून दाखवलं.

"वांगी म्हणते ते," पार्बताबाई खालमानेने म्हणाल्या. "माह्याकडे खाल्ली. दर शुक्रवारी येते. भरली वांगी खाऊन जाते. म्याच वांगं बंद केलं अन् म्याच खाऊ घातलं. काय करू मॅडम? पोरगी वाळून राह्यली होती, पाहवलं नाई मले. आन्… आज मिरच्याबी जाळल्या मी."

डॉक्टर गीतांजलींनी हातातलं पेन खाली ठेवलं. "वांगं बंद केलं होतं? कोणी सांगितलं? आणि अजून काय काय बंद आहे हिच्या आईचं?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग यादी सुरू झाली. वांगं, दही, ताक, लिंबू, लोणचं, चिंच, दाणे. एकेका नावाबरोबर डॉक्टरांच्या भुवया वर जात होत्या. त्यांनी वर्षालीला वजनकाट्यावर उभं केलं. काटा पाहून त्यांनी आकडा लिहिला, तेव्हा पेन जरा जोरात टेकलं.

"दाने कोनं बंद केले?" त्यांनी विचारलं. आता त्यांच्याही तोंडून वऱ्हाडी निघाली होती.

"म्या," शेषराव म्हणाले. "दाने म्या बंद केले. अन् म्याच खाल्ले."

त्यांनी चूर्णाची डबी काढून टेबलावर ठेवली. मनकर्णाबाईंनी झाकण उघडलं. लसणाचा खमंग वास खोलीभर पसरला.

"हे चूर्ण?" मनकर्णाबाईंचे डोळे विस्फारले. "तीन मह्यने हे चूर्ण खाऊन राह्यले तुमी? अन् म्या तुमच्या पोटासाठी मारुतीले नारय बोलली!"

शेषरावांनी तिकडे पाहिलं नाही. ते सुनेकडे बघत होते. "वर्षाली, पोरी, तीन मह्यने तुले दाना नाई खाऊ देल्ला अन् म्या सोता चोरून खात राह्यलो. आज हिले भरवाच्या आधी हात दोनदा धुतले, खरं सांगतो. तरीबी कुठून लागलं समजत नाई. मले काय म्हनाचं थे म्हन."

वर्षाली काही म्हणाली असती तरी कोणाला कळलं नसतं. तिने फक्त गळ्यातल्या निळ्या फडक्याने डोळे पुसले आणि तेच फडकं सासऱ्यांपुढे धरलं, कारण शेषरावही रडत होते.

डॉक्टर मात्र खुशीच्या गालांकडे बारकाईने बघत होत्या. लाली सगळीकडे सारखी नव्हती. उजव्या गालावर एक पट्टा, डाव्या गालावर एक पट्टा, हनुवटीवर एक. प्रत्येक पट्टा थोडा वाकडा आणि कडेला फुटलेला, कुंचल्याने ओढावा तसा.

"आबा, जेवल्यावर हिचा पापा घेतला का तुम्ही?"

"घेतला. तीनदा."

"जरा खाली वाका."

शेषराव वाकले. डॉक्टरांनी ओल्या कापसाने त्यांची मिशी पुसली. शेषरावांची मिशी पांढरी, दाट आणि झुपकेदार होती. कापूस लाल झाला.

"हात दोनदा धुतलेत," डॉक्टर म्हणाल्या, "मिशी एकदाही नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. इसबाची कातडी आधीच सोललेली असते, तिला तिखट असं झोंबतं. आपल्याला डोळ्यात झोंबतं, तसं. उचकी ही नुसती उचकी होती, घोट आला तो हसल्या-रडल्यामुळे आणि खोकला आला तो पार्बताबाईंच्या मिरच्यांमुळे. पण चटणीत दाणेही आहेत, तेव्हा दोन तास इथेच बसायचं, त्या नजर ठेवतील. गाल पाण्याने धुतले, मलमाचा जाड थर दिला. अर्ध्या तासात लाली उतरू लागली आणि खुशी आईच्या कुशीत पिऊन झोपली.

निघताना डॉक्टरांनी सगळ्यांना रांगेत उभं केल्यासारखं करून सांगितलं, "आईचं काही बंद नाही. काहीच नाही. गुटी बंद, चहा बंद, बेसन बंद. मिरच्या जाळणं बंद. आणि अशा इसबाच्या लेकरांना दाणे घाबरून उशिरा देण्यापेक्षा वेळेवर दिलेले बरे, पण आधी तपासून. आपण चाचणी करून घेऊ. ठीक निघाली, तर मी सांगेन तसं द्यायचं."

चाचणी ठीक निघाली. आठ दिवसांत गालही बरेच मऊ पडले. फोनवर डॉक्टरांनी पद्धत सांगितली. अख्खा दाणा लेकराला कधीच द्यायचा नाही, घशात अडकतो. भाजलेल्या दाण्याची अगदी गुळगुळीत पेस्ट पातळ करून खिचडीत कालवायची. सकाळची वेळ, पोरगी ठणठणीत असताना. आधी चमच्याच्या टोकावर एवढंसं. दहा मिनिटं थांबायचं, मग बाकीचं. नंतर दोन तास नजर ठेवायची आणि अंगावर काही उठलं, तर ताबडतोब फोन.

रविवारी सकाळी नऊ वाजता सगळे घरात जमले. पिंटूचा ऑटो दारात, तोंड अमरावतीकडे करून उभा होता. शेषरावांनी मिशी साबणाने धुतली होती आणि तरीही ते नातीपासून चार हात लांब, भिंतीला पाठ टेकून बसले होते. सकाळपासून त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मनकर्णाबाईंनी चहा पुढे केला, तो गार होऊन गेला. भाकरी दिली, ती तशीच ताटात राहिली.

वर्षालीने चमच्याचं टोक खुशीच्या ओठाला लावलं. खुशीने चाटलं, विचार केला आणि आणखी मागितलं.

दहा मिनिटं. भिंतीवरचं घड्याळ इतकं हळू चालताना शेषरावांनी कधी पाहिलं नव्हतं. घोणसीपुढे उभं राहणं याहून सोपं होतं. निदान ती समोर दिसत होती. मग बाकीची खिचडी सुरू झाली. एक एक चमचा आत जात होता आणि शेषराव बंडीच्या बाह्या ओढत होते, मान चोळत होते. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. खुशी पोट भरल्यावर खुळखुळा वाजवत बसली. गाल जसेच्या तसे. वर्षालीने झबलं वर करून पोट पाहिलं, पाठ पाहिली. काही नाही. वाटीच्या तळाशी दोन घास उरले होते.

सगळे खुशीकडेच बघत होते, म्हणून जे झालं ते शेखरला जरा उशिरा दिसलं. दिसताच त्याने मोबाईल उचलला.

"मॅडम, शेखर बोलून राह्यलो, वलगाववरून. मॅडम, उठलं!"

"कुठे उठलं?" पलीकडून डॉक्टरांचा आवाज एकदम सावध झाला.

"मानेवर, दंडावर, पाठीवर. गांध्या आल्या मोठ्या मोठ्या, लाल."

"श्वास कसा आहे? ओठ?"

"श्वास ठीक आहे, ओठबी ठीक आहेत. नुसती खाज सुटली. पन मॅडम, खुशीले नाई. खुशी खेळून राह्यली. आमच्या बाबाले उठलं."

"बाबांनी काय खाल्लं?"

शेखरने वडिलांकडे पाहिलं. शेषराव भिंतीला पाठ घासत, घाबऱ्या डोळ्यांनी नातीकडेच बघत होते.

"काईच नाई मॅडम. सकाळपासून भीतीनं त्याइच्या पोटात घास नाई गेला."

"पित्त आहे ते, घाबरू नका. गोळी सांगते ती द्या. श्वास लागला, ओठ सुजले, तर मात्र लगेच घेऊन या," डॉक्टर म्हणाल्या आणि मग त्यांचा आवाज जरा सैल झाला. "आणि आधी त्यांना काहीतरी खाऊ घाला."

शेखरने निरोप सांगितला. मनकर्णाबाई ताटाकडे वळणार, तोच वर्षालीने मांडीवरची वाटी उचलली, उरलेले घास चमच्यात गोळा केले आणि सासऱ्यांसमोर येऊन बसली.

"आ करा, मामाजी."

"मले?" शेषराव म्हणाले. "आत्ता?"

"आ करा."

खुशी खुळखुळा थांबवून आबांकडे बघू लागली. मनकर्णाबाईंनी घड्याळात वेळ पाहून ठेवली. शेषरावांनी डोळे मिटले आणि आ केला.